त्वचेचा लिम्फोमा : प्रारंभिक अवस्था आणि किरणोपचार

अंगावर चट्टा उठला की आपल्या मनात प्रथम येते ते गजकर्ण किंवा इसब. चट्टा पांढरट असला तर कोड किंवा शिबे आठवते. आणि फिकट चट्टा महिनोन्‌महिने हटला नाही तर कुष्ठरोगाची शंका येते. सामरवरणी, सिल्वासा, नरोली, खानवेल या परिसरात रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांच्या दृष्टीने हा क्रम योग्यच आहे. या यादीच्या शेवटी एक नाव मात्र बहुधा लिहायचे राहून जाते. ते नाव म्हणजे त्वचेचा लिम्फोमा.

हा आजार विरळा आहे. अमेरिकेत त्वचेच्या टी-पेशी लिम्फोमाचे प्रमाण दर दहा लाख लोकांमागे वर्षाला सुमारे सहा नवे रुग्ण असे आहे. २०११ च्या जनगणनेत दादरा नगर हवेलीची लोकसंख्या ३,४३,७०९ होती. तेच प्रमाण येथे लावले तर वर्षाला जेमतेम दोन रुग्ण होतात, आणि ते त्याहून कमी मानले तरी काही वर्षांत एखादा रुग्ण आपल्यापैकी कोणाच्या ना कोणाच्या दवाखान्याची पायरी चढणारच. तो ओळखला जाईल की नाही, एवढाच प्रश्न आहे. या लेखाचे प्रयोजन हेच की, प्रारंभिक अवस्थेत हा आजार किरणोपचाराला उत्तम दाद देतो, त्यासाठी लागणारी मात्राही मोजकी असते. परंतु त्या उपचाराची वाट मोठ्या शहरातील यंत्रापासून सुरू होत नसून आपल्या तपासणीच्या खोलीतून सुरू होते.

आजाराचे स्वरूप

लिम्फोमा म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. बहुतेक लिम्फोमा लसिकाग्रंथींत सुरू होतात. काही मात्र त्वचेतच जन्म घेतात आणि दीर्घकाळ तेथेच राहतात. त्यांचे दोन मुख्य गट आहेत : टी-पेशींचा आणि बी-पेशींचा. पहिला गट अधिक आढळतो, आणि त्यातील सर्वांत परिचित आजार म्हणजे मायकोसिस फंगॉइडिस.

या नावाने अनेकांची फसगत होते. 'मायकोसिस' म्हणजे बुरशीचा रोग. पण या आजाराचा बुरशीशी काडीचाही संबंध नाही. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातील आलिबेर या वैद्याने १८०६ मध्ये एका रुग्णाचे वर्णन केले. त्याच्या अंगावरील गाठी अळंबीसारख्या दिसत होत्या म्हणून पुढे हे नाव पडले. पुढे १८७० मध्ये बाझँ याने आजाराच्या तीन पायऱ्या सांगितल्या : पातळ चट्टा, जाड चट्टा आणि गाठ. आपल्याकडे दैवाचा खेळ असा की, नावात बुरशी असलेला पण बुरशीचा नसलेला हा रोग बुरशीचा समजूनच वर्षानुवर्षे मलमांनी माखला जातो.

अवस्था ठरवण्याची रीत सोपी आहे. रुग्णाचा बोटांसह तळहात म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारे १ टक्का भाग. चट्टे १० टक्क्यांपेक्षा कमी भागावर असतील आणि ग्रंथी, रक्त व आतील अवयव मुक्त असतील तर अवस्था १ अ. १० टक्के किंवा त्याहून अधिक असतील तर १ ब. चट्ट्यांसोबत ग्रंथी वाढलेल्या असल्या, पण त्यांची रचना रोगाने नष्ट झालेली नसली, तर २ अ. या तिन्ही मिळून प्रारंभिक अवस्था होय. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या दीर्घकालीन निरीक्षणांत १ अ अवस्थेतील रुग्णांचे आयुर्मान त्याच वयाच्या सर्वसाधारण लोकांइतकेच आढळले आहे. 'कर्करोग' हा शब्द उच्चारताना रुग्णाला हे वाक्यही त्याच दमात सांगितले पाहिजे.

कुष्ठरोग, गजकर्ण आणि हा चट्टा

आपल्या प्रदेशात या आजाराच्या निदानाला एक खास अडचण आहे. डिसेंबर २००५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली आले. पण दादरा नगर हवेलीत ते त्यानंतरही बराच काळ चढेच राहिले. म्हणूनच कुष्ठरुग्णाच्या सहवासातील व्यक्तींना रिफाम्पिसिनची एक मात्रा देऊन आजार रोखण्याच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात भारतातून याच प्रदेशाची निवड झाली आणि २०१५ पासून येथे ते काम झाले. त्यामुळे फिकट चट्टा पाहताच कुष्ठरोगाचा विचार करण्याची सवय येथील आरोग्यसेवकांना लागली आहे. ही सवय मोलाची आहे. ती मोडू नये.

परंतु सावळ्या त्वचेत मायकोसिस फंगॉइडिसही पुष्कळदा फिकट चट्ट्यांच्याच रूपाने प्रकट होतो. हा प्रकार गौरवर्णीयांत क्वचित, तर आपल्याकडे आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांत अधिक आढळतो. तो तरुणांत, किंबहुना मुलांतही दिसतो. भेद ओळखण्यासाठी पुढील बाबी लक्षात ठेवाव्यात.

कुष्ठरोगाच्या फिकट चट्ट्यावर संवेदना मंदावते, नसा जाड लागतात. लिम्फोमाच्या चट्ट्यावर स्पर्श व उष्णता नेहमीसारखीच जाणवते. लिम्फोमाचे चट्टे प्रायः झाकलेल्या भागांवर, म्हणजे नितंब, मांड्या, कंबर, स्तनांखालचा भाग येथे येतात. त्यांचे आकार निरनिराळे असतात, त्यांवर बारीक कोंडा असतो आणि जुन्या चट्ट्यावरची कातडी पातळ कागदासारखी सुरकुतलेली दिसते. गजकर्णाच्या चट्ट्याची कड उठावदार असते आणि तेथील खरवडीत बुरशी सापडते; येथे ती सापडत नाही. सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे चिकाटी : चट्टा तोच, जागा तीच, आणि वर्षे लोटलेली.

एक चित्र डोळ्यांपुढे आणावे. कारखान्यात पाळीने काम करणारा तिशीतला कामगार. कमरेवर व मांडीवर चार चट्टे. औषधांच्या दुकानातून त्याने स्टेरॉईड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक यांचे मिश्र मलम आणले. चट्टे फिके पडले, मलम थांबताच परतले. त्याने दुसरे मलम आणले. अशी तीन वर्षे गेली. ही कथा एकट्याची नाही. पाश्चात्त्य देशांतील अभ्यासांतही पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत साधारण तीन वर्षांच्या आसपास काळ जातो. स्टेरॉईडमुळे चट्टा तात्पुरता दबतो आणि सूक्ष्मदर्शकाखालील चित्रही धूसर होते. २०१८ मध्ये केंद्र शासनाने १४ स्टेरॉईड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास मनाई केली. तथापि ती मनाई दुकानाच्या फळीवर कितपत पाळली जाते, हे आपण सर्व जाणतो.

म्हणून एक साधा नियम पाळावा : संवेदना शाबूत असलेला, खरवडीत बुरशी न सापडलेला आणि योग्य उपचाराने तीन महिन्यांत न हटणारा चट्टा हा बायोप्सीचा चट्टा समजावा.

निदानाची कसोटी

बायोप्सीपूर्वी दोन ते चार आठवडे सर्व मलमे बंद ठेवावीत. एकाहून अधिक चट्ट्यांतून नमुने घ्यावेत. विकृतितज्ज्ञाकडे नमुना पाठवताना 'मायकोसिस फंगॉइडिसची शंका' असे स्पष्ट लिहावे. नुसते 'त्वचारोग' लिहिल्यास त्यांचाही शोध चुकीच्या दिशेला जातो. विकृत लिम्फोसाइट बाह्यत्वचेत शिरून रांगेने बसलेले किंवा पुंजक्याने जमलेले दिसतात. सीडी-३, सीडी-४, सीडी-८, सीडी-७ या चाचण्या आणि टी-पेशी रिसेप्टर जनुकाची तपासणी यांनी निदानाला बळकटी येते. पहिली बायोप्सी निर्णायक ठरेलच असे नाही. शंका राहिल्यास सहा महिन्यांनी पुन्हा घ्यावी, आणि ती का घ्यावी लागते हे रुग्णाला आधीच सांगून ठेवावे.

या संदर्भात एका मराठी वैद्यकाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचा पाया घालणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनी आयुष्यभर दोन रोगांचा अभ्यास केला : कर्करोग आणि कुष्ठरोग. सूक्ष्मदर्शकाखाली कुष्ठाचा आरंभीचा चट्टा कसा दिसतो, यावर त्यांनी मूलभूत काम केले. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक होते. हे दोन रोग एकाच काचपट्टीवर एकमेकांशेजारी ठेवून पाहावे लागतात, हे आपल्या प्रदेशाइतके दुसरीकडे क्वचितच पटेल.

किरणोपचाराचा पूर्वेतिहास

राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले आणि अवघ्या सात वर्षांत, १९०२ मध्ये, मायकोसिस फंगॉइडिसवर त्यांचा वापर झाला. कारण उघड होते : रोग डोळ्यांना दिसत होता, आणि किरणांचा परिणामही डोळ्यांना दिसत होता. तथापि क्ष-किरण त्वचेच्या आतही शिरत. सर्वांगावर ते दिल्यास अस्थिमज्जा व अंतर्गत अवयव भाजून निघाले असते. १९५३ मध्ये अमेरिकेत ट्रम्प आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉनचा झोत वापरला आणि ही अडचण दूर झाली. पुढे स्टॅनफर्ड येथे सर्वांगाला इलेक्ट्रॉन देण्याची पद्धत विकसित झाली. रुग्णाला यंत्रापासून काही मीटर दूर, सहा निरनिराळ्या पवित्र्यांत उभे करून झोत देण्याची ती पद्धत आजही प्रमाण मानली जाते.

मुंबईच्या टाटा मेमोरियलचा जन्मही किरणोपचाराच्या स्वप्नातूनच झाला आहे. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. परदेशात त्यांच्यावर जेथे उपचार झाले तशी सोय भारतात व्हावी, ही सर दोराबजी टाटा यांची इच्छा होती. १९३२ मध्ये तेही गेले. पण २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे ते रुग्णालय उघडले. १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे.

किरण कसे काम करतात

सामान्य रुग्ण किरणोपचाराला 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतो. त्यात उष्णता नसते. किरण पेशीच्या केंद्रातील डीएनएचे धागे तोडतात. लिम्फोसाइट ही पेशी याबाबत फार नाजूक आहे. अल्प मात्रेतही ती आपले जीवन संपवते. त्वचेच्या नेहमीच्या कर्करोगाला ६० ग्रेच्या आसपास मात्रा लागते, तर लिम्फोमाच्या एका चट्ट्याला २४ ते ३० ग्रे पुरते.

येथे यंत्राची निवड महत्त्वाची ठरते. कोबाल्ट अथवा उच्च ऊर्जेचे क्ष-किरण त्वचेला वाचवून आत मात्रा पोहोचवतात. स्तन किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगात हा गुण ठरतो. येथे तोच दोष होतो, कारण रोग नेमका त्या वाचवलेल्या थरात आहे. इलेक्ट्रॉनचा झोत वरच्या थरात ऊर्जा सोडतो आणि थोड्या अंतरावर थांबतो. ६ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा झोत सुमारे तीन सेंटिमीटरच्या पुढे जात नाही. त्वचेच्या अगदी पृष्ठभागावर पूर्ण मात्रा मिळावी म्हणून चट्ट्यावर ऊतकाच्या घनतेचा अर्धा ते एक सेंटिमीटर जाडीचा थर ठेवतात. त्याला बोलस म्हणतात. चट्ट्याभोवती एक-दोन सेंटिमीटरची निरोगी कड धरून उरलेला भाग शिशाच्या पत्र्याने झाकतात. म्हणून रुग्ण पाठवण्यापूर्वी त्या केंद्रात इलेक्ट्रॉनची सोय आहे काय, हे फोनवर विचारून घ्यावे. एवढ्या एका चौकशीने रुग्णाची एक खेप वाचते.

कोणाला, किती

एकच चट्टा किंवा एकमेकांलगतचे दोन-तीन चट्टे असलेल्या रुग्णासाठी किरणोपचार हा प्रथम पसंतीचा उपाय आहे. २४ ते ३० ग्रे मात्रा रोज २ ग्रे याप्रमाणे १२ ते १५ सिटिंगमध्ये, म्हणजे अडीच ते तीन आठवड्यांत दिली जाते. अशा मोजक्या रुग्णांत रोग दीर्घकाळ, कधी कायमचाही, जातो.

चट्टे अनेक असून पातळ असतील, विशेषतः फिकट प्रकारचे असतील, तर प्रथम किरणोपचार नको. तेथे तज्ज्ञाच्या देखरेखीखाली स्टेरॉईड मलम, नॅरोबँड यूव्हीबी किंवा पुव्हा हे प्रकाशोपचार चांगले काम करतात. त्यांतून एखादा जाड चट्टा उरला, किंवा तळपाय, काख, जांघ अशा प्रकाश न पोहोचणाऱ्या जागी रोग राहिला, तर त्या ठिकाणापुरते किरण द्यावेत. त्रासदायक चट्ट्यासाठी ८ ते १२ ग्रेही पुरतात. शिकागो येथून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २७० चट्ट्यांना बहुतांशी ७ ते ८ ग्रेची एकच मात्रा दिली गेली आणि त्यांपैकी ९४ टक्के चट्टे पूर्णपणे गेले. लांबून येणाऱ्या गरीब रुग्णासाठी या आकड्याचे मोल किती, हे सांगायला नको.

सर्वांगाचा इलेक्ट्रॉन उपचार हा रोग पसरलेला, जाड आणि इतर उपायांना न जुमानणारा असेल तेव्हाच. पूर्वी त्यासाठी ३० ते ३६ ग्रे मात्रा आठ ते दहा आठवड्यांत देत. २०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या तीन चाचण्यांचा एकत्रित निष्कर्ष प्रसिद्ध झाला : केवळ १२ ग्रे दिलेल्या ३३ रुग्णांपैकी ८८ टक्क्यांना लक्षणीय लाभ झाला. कमी मात्रेमुळे दुष्परिणाम कमी होतात आणि गरज पडल्यास पुढे पुन्हा उपचार देता येतो. देशात ही सोय मोजक्याच केंद्रांत आहे.

बी-पेशींच्या मंद प्रकारांत डोके, पाठ किंवा हातांवर एक-दोन लालसर गाठी दिसतात. तेथेही २४ ते ३० ग्रे उत्तम काम करतात. लक्षणे शमवण्यासाठी दोन सिटिंगमध्ये मिळून ४ ग्रेही कित्येकदा पुरतात. मात्र रोग त्वचेपुरताच आहे याची खात्री स्कॅनने आधी केली पाहिजे. वृद्धांच्या पायावर झपाट्याने वाढणारा प्रकार वेगळा व आक्रमक असतो. त्याला औषधोपचाराचीही जोड लागते.

अधिक म्हणजे उत्तम नव्हे

'कर्करोग आहे, तर सर्वांत जालीम उपाय करा' असा नातेवाइकांचा आग्रह असतो. त्यांना १९८९ सालच्या एका चाचणीची गोष्ट सांगावी. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १०३ रुग्णांचे दोन गट केले. एकाला सर्वांगाचे इलेक्ट्रॉन आणि अनेक औषधांची केमोथेरपी एकदम दिली. दुसऱ्याला साधे उपाय टप्प्याटप्प्याने दिले. पहिल्या गटात ३८ टक्के रुग्णांचे चट्टे पूर्ण गेले, दुसऱ्यात १८ टक्क्यांचे. पण आयुष्य दोन्ही गटांचे सारखेच निघाले, आणि पहिल्या गटाला उपचाराचा त्रास फार झाला. तेव्हापासून प्रारंभिक अवस्थेत संयम हे धोरण मान्य झाले आहे. हा आजार पुष्कळदा परततो, आणि प्रत्येक वेळी मोजक्या उपायाने त्याला मागे सारता येते. मधुमेहाप्रमाणे त्याच्यासोबत वर्षानुवर्षे जगता येते, ही गोष्ट रुग्णाच्या मनावर बिंबवणे हा उपचाराचाच भाग आहे.

सिल्वासाहून परळपर्यंत

उपचार कितीही सोपा असला तरी रोजंदारीवरील माणसाला तीन आठवडे मुंबईत राहणे सोपे नाही. रजा, मजुरी, राहणे, जेवण या चार गोष्टींवरच पुष्कळ उपचार अर्धवट राहतात. पात्र कुटुंबांना २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेतून वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे आणि त्यात किरणोपचार येतो. दादर येथील गाडगे महाराज धर्मशाळा कर्करुग्णांना व त्यांच्या नातलगांना आसरा देते. रुग्णाच्या हाती चिठ्ठी देताना या दोन गोष्टी, बायोप्सीचा अहवाल, पॅराफिनचे ठोकळे आणि चट्ट्यांची छायाचित्रे सोबत दिली, तर त्याचा पहिला आठवडा वाया जात नाही.

उपचार संपल्यावर तो पुन्हा आपल्याकडेच येणार आहे. किरण दिलेली जागा लाल होते, कोरडी पडते, तेथील केस गळतात, आणि सावळ्या त्वचेवर डाग काळसर किंवा फिकट होऊन राहू शकतो. सर्वांगाच्या उपचारात नखे गळणे, घाम कमी होणे, हातापायांना सूज येणे हेही घडते. उष्ण कारखान्यात काम करणाऱ्याला काही काळ हलके काम मिळावे म्हणून तसे प्रमाणपत्र द्यावे. सैल सुती कपडे, सौम्य साबण, साधे मॉइश्चरायझर आणि उन्हापासून बचाव एवढे पुरे. हळद, चुना, पाला किंवा गरम शेक त्या जागी लावू नये. वर्षातून दोन-तीनदा संपूर्ण त्वचा आणि लसिकाग्रंथी तपासाव्यात.

समाजातील वाचकांसाठी दोन शब्द वेगळे लिहिणे आवश्यक वाटते. हा आजार संसर्गाने पसरत नाही. इलेक्ट्रॉनचा उपचार घेतलेल्या माणसाच्या अंगात किरण उरत नाहीत. तो आपल्या मुलाला कडेवर घेऊ शकतो, एका ताटात जेवू शकतो. अंगावरील चट्ट्यामुळे माणसाला दूर लोटण्याची चूक आपल्या समाजाने कुष्ठरोगाच्या बाबतीत पुरेशी केली आहे. ती येथे पुन्हा करू नये.

समारोप

२०१९ पासून सिल्वासात वैद्यकीय महाविद्यालय आहे. बायोप्सी घेणे व ती वाचणे यांसाठी आता प्रथम मुंबई गाठण्याची गरज उरलेली नाही. कुष्ठशोधासाठी घरोघर जाणारे कार्यकर्ते त्वचा तपासतातच. संवेदना शाबूत असलेला, पण न हटणारा चट्टा त्यांनी परत न पाठवता त्वचारोग विभागाकडे धाडला, तर वेगळ्या मोहिमेचा खर्च न करता हा आजार वेळेवर सापडेल. आपल्या मंडळाने सामान्य व्यवसायी, त्वचारोगतज्ज्ञ आणि विकृतितज्ज्ञ यांची वर्षातून एक बैठक केवळ अशा न उलगडलेल्या चट्ट्यांसाठी घ्यावी, असे सुचवावेसे वाटते. किरणांचे यंत्र कोट्यवधी रुपयांचे असते. पण त्याचा लाभ रुग्णाला मिळावा म्हणून आधी कोणीतरी त्याचा सदरा वर करून, उजेडात, त्याची पाठ आणि कंबर नीट पाहिलेली असावी लागते. ते काम आपले आहे.